काटा रुतला आणि कळलंच नाही

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका सूनबाईंनी लिहिलंय. सासरे ६६ वर्षांचे, शेतकरी, माळकरी. शुगर १४ वर्षांपासून, गोळ्या चालू. आळंदी ते पंढरपूर पायी वारी २२ वर्षांपासून. नातू लहानपणी दवाखान्यात होता तेव्हा नवस बोलले आणि त्यानंतरची ९ वर्षं वारी अनवाणी. गेल्या आषाढात परत आल्यावर उंबऱ्याशी पाय धुताना सूनबाईंना डाव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, बाभळीचा काटा मोडलेला दिसला. भोवती पू. सासऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता. जखम भरायला अडीच महिने लागले. डॉक्टरांनी ‘नसा कमजोर झाल्यात’ असं सांगून गोळ्या दिल्या. आता पुन्हा वारीची तयारी सुरू झालीय. सासरे म्हणतात, ‘पूर्वी पायांची आग व्हायची, आता तीही थांबली. माउलीची कृपा. मला काही दुखत नाही.’ नवरा म्हणतो, त्यांच्या श्रद्धेत आपण पडायचं नाही. सूनबाई विचारतात: त्यांना थांबवू कशी? थांबवलं तर पाप लागेल का? आणि सून म्हणून हे बोलायचा मला अधिकार तरी आहे का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. उंबऱ्याशी तांब्या घेऊन बसलेल्या तुम्ही आणि पाय पुढे करून घरच्यांशी वारीच्या गप्पा मारणारे तुमचे मामंजी, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली बरीचशी सर्जिकल वॉर्डात आणि ड्रेसिंग रूममध्ये गेली. असे पाय मी खूप पाहिलेत. त्यातला एक सांगते.

पन्नाशीचे एक ड्रायव्हर खोकल्याचं औषध घ्यायला आले होते. वजन करायला चप्पल काढायला सांगितली, तर उजवी चप्पल निघेना. मी खाली वाकून पाहिलं. दोन इंची खिळा चप्पल फोडून तळव्यात शिरला होता आणि चप्पल पायाला शिवल्यासारखी बसली होती. सकाळपासून ते तशीच गाडी चालवत होते. ‘सिस्टर, मला वाटलं चप्पल नवीन आहे म्हणून घट्ट होतेय,’ असं म्हणून ते हसले. त्यांना दुखतच नव्हतं तर ते का घाबरतील? घाबरले होते ते आम्ही. पुढे चार महिन्यांत त्यांची दोन बोटं काढावी लागली.

म्हणून तुमच्या प्रश्नाआधी मला मामंजींच्या त्या एका वाक्यापाशी थांबायचंय. ‘मला काही दुखत नाही.’ हे वाक्य घरात सगळ्यांनी, थोडंसं तुम्हीसुद्धा, चांगली बातमी म्हणून ऐकलंय. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘निदान त्यांना त्रास तरी होत नाही.’ ताई, आपल्या अंगात दुखणं ही राखण आहे. काटा बोचला की कळ मेंदूपर्यंत पोहोचायच्या आधीच मणक्यातून हुकूम सुटतो आणि पाय वर उचलला जातो, ‘आई गं’ नंतर तोंडातून निघतं. मामंजींच्या पायाची ती राखण आता उठून गेलीय. काटा रुतला तेव्हा भुंकायला दारात कुत्रंच उरलं नव्हतं.

डॉक्टर ‘नसा’ म्हणाले, त्याचा अर्थ आधी नीट लावू. आपल्याकडे ‘नस’ आणि ‘शीर’ हे शब्द रक्तवाहिनीलाही वापरतात आणि मज्जातंतूलाही. त्यामुळे पुष्कळ घरांत असं वाटतं की नसा कमजोर म्हणजे रक्त कमी पोहोचतंय, मग चोळा, शेका, चाला, की येईल ताकद. इथे बिघडलेत ते मज्जातंतू, म्हणजे निरोप नेणारे धागे. पायाच्या अंगठ्याचा निरोप नेणारा धागा कमरेजवळ, मणक्याच्या बाजूला सुरू होतो आणि एकसलग अंगठ्याच्या टोकापर्यंत जातो. लांबी जवळजवळ एक मीटर, जाडी केसापेक्षा कितीतरी कमी. त्याला पोसणारी पेशी मात्र वर मणक्यापाशी बसलेली असते. लागणारं सगळं तिथून खालपर्यंत वाहून न्यावं लागतं.

तुमच्या भागात कालव्याचं पाणी आहे, तेव्हा टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. आवर्तन सुटलं की पाणी त्याला सगळ्यात शेवटी मिळतं आणि टंचाई आली की सगळ्यात आधी त्याचंच तुटतं. पायाची बोटं ही शरीराची टेल आहे. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की हे धागे आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या, दोन्ही खराब होत जातात. ज्याची लांबी जास्त तो धागा आधी जातो. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो, तळव्यावर येतो, मग घोट्याच्या वर चढतो, आणि दोन्ही पायांना सारखाच, मोजे घातल्यासारखा.

आता ‘आग थांबली’ याबद्दल. हे लिहिताना मला जड जातंय, पण स्पष्ट सांगते. धागा खराब होत असताना तो खोटेनाटे निरोप पाठवतो. कधी मुंग्या येतात, कधी आग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. औषधाने साखर आटोक्यात आली, गोळ्या लागू पडल्या, म्हणून आग कमी होऊ शकते. पण पुष्कळदा ती थांबते ती निरोप पाठवणारा धागाच उरला नाही म्हणून. दोन्हींत फरक कसा ओळखायचा? आग थांबल्यावर स्पर्श परत आला का, ते बघायचं. मामंजींना काटा कळला नाही, यातच उत्तर आलं.

आणि ‘नसांच्या गोळ्या’. आग आणि मुंग्या कमी करणाऱ्या गोळ्या असतात, त्यांनी झोप लागते, आणि ते काही थोडंथोडकं नाही. पण गेलेली संवेदना त्या परत आणत नाहीत. बाजारात ताकदीची म्हणून जी लाल इंजेक्शनं टोचतात त्यांच्याबद्दलही मी असंच म्हणेन, एक अपवाद सोडून. तो अपवाद तुमच्या घराला लागू असू शकतो, म्हणून नीट वाचा. शुगरसाठी मेटफॉर्मिन पुष्कळ वर्षं चालू असेल तर काहीजणांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ मिळतं ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून. माळकरी माणसाच्या ताटात त्यातलं फक्त दूध-दही, आणि तेही वय झालं की कमी होतं. बी-१२ च्या कमतरतेनेही हेच धागे बिघडतात. म्हणजे एकाच पायावर दोन बाजूंनी घाला. हे रक्ताच्या तपासणीत कळतं आणि भरून काढता येतं, वेळेत भरलं तर बराच फायदा होतो. तेव्हा मामंजींची बी-१२ तपासणी झालीय का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

दुखणं जाण्याने पाय कसे जातात, हे जगाला नीट समजलं ते आपल्याच देशात. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर काम करत होते. तोवर सगळ्यांचा समज असा की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी रुग्णांचा दिवस बारकाईने पाहिला. कुणी पेटत्या चुलीतून हाताने बटाटा काढत होता, कुणी गंजलेल्या कुलपात किल्ली इतक्या जोराने फिरवत होता की बोट हाडापर्यंत फाटावं. रोगाने मज्जातंतू मारले होते, बोटं मात्र जात होती रोजच्या, न कळलेल्या जखमांनी. पुढे अमेरिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम दुखणं बनवून पाहिलं. हातमोज्यात-पायमोज्यात दाब मोजणारी यंत्रं बसवली, दाब वाढला की आधी आवाज आणि पुढे विजेचा झटका बसेल अशी सोय केली. ते चाललं नाही. लोक बटण बंद करत, काम उरकत आणि मग बटण पुन्हा चालू करत. खऱ्या दुखण्याला बटण नसतं म्हणूनच ते आपल्याला वाचवतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, ती वारीला थेट लागू आहे. धडधाकट माणूस लांब चालतो तेव्हा त्याच्या नकळत पाऊल बदलत राहतं. तळव्याचा एक भाग दुखायला लागला की भार थोडा बाहेर जातो, मग टाचेवर, मग पुन्हा पुढे. बधिर पाय असं करत नाही. वीस किलोमीटरच्या मुक्कामाला पंचवीस हजारांच्या आसपास पावलं पडतात आणि त्याचं प्रत्येक पाऊल पहिल्यासारखंच, त्याच जागेवर पडतं. मामंजींना जिथे काटा रुतला ती अंगठ्याच्या मुळाची जागा सगळ्यात जास्त भार घेणारी आहे.

धागे फक्त स्पर्शाचे नसतात, हेही लक्षात घ्या. पावलातले बारीक स्नायू हलवणारे धागे गेले की बोटं खेकड्यासारखी आत वळतात, तळव्याचा पुढचा भाग खाली येतो, तिथे घट्टे पडतात आणि घट्ट्याच्या आत जखम होते, वरून दिसतही नाही. घाम आणणारे धागे गेले की पाऊल कोरडं ठणठणीत पडतं, टाचेला भेगा जातात आणि भेगेतून जंतू शिरतात. आपण म्हणतो, शेतकऱ्याचा पाय आहे, भेगा असणारच. मामंजींच्या भेगा शेतातल्या आहेत की धाग्यांच्या, हे एकदा बघायला हवं. पाय उबदार आणि गुलाबी दिसला म्हणूनही निर्धास्त राहू नका. रक्तवाहिन्या आवळणारे धागे गेल्यावर पाऊल उलट जास्त गरम लागतं.

आणि हेच जाळं हृदय, पोट, रक्तदाबही सांभाळतं. आपण खाटेवरून उठतो तेव्हा रक्त पायात उतरतं, त्याच क्षणी धागे पायातल्या वाहिन्या आवळतात आणि डोक्याला रक्त कमी पडू देत नाहीत. ते धागे थकले की उठल्याबरोबर अंधारी येते. मामंजी पहाटे तंबूत उठताना झोकांडतात का, हे त्यांच्या दिंडीतल्या सोबत्याला विचारा, ते स्वतः सांगणार नाहीत. साखर खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, तीही या धाग्यांचीच हाक. ती हाकही मंद होत जाते आणि माणूस थेट बरळायला लागतो किंवा कोसळतो. हृदयाचा झटकासुद्धा छातीत न दुखता येऊ शकतो, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. दिवेघाट चढताना कुणालाही दम लागतो, म्हणूनच तिथे फसगत होण्याची भीती जास्त. वारीआधी ईसीजी आणि झोपून-उभं राहून दोन्ही वेळचा रक्तदाब, हे दोन्ही व्हायलाच हवं.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘त्यांना थांबवू कशी?’ ताई, तुम्ही हा प्रश्न दोनच दारांचा मांडलाय, एक तर वारी बंद, नाही तर जशी चाललीय तशी. तुमच्या यजमानांनीही तेच केलंय, फक्त दुसरं दार निवडलंय. मला यात वारी आणि अनवाणी या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. २२ वर्षांतली पहिली १३ वर्षं मामंजी पायात चप्पल घालूनच पंढरपूरला गेले होते ना? तीही वारीच होती. दिंड्यांमधून नजर फिरवा, बहुतेकांच्या पायात काही ना काही असतं. आणि रथातल्या पालखीत काय असतं? माउलींच्या पादुका. लाखो लोक ज्यापुढे डोकं टेकतात ते पायात घालायचंच रूप आहे. हे मी मामंजींना अडचणीत पकडायला सांगत नाही. मला स्वतःला ते पटतं आणि त्यातून धीर येतो, म्हणून सांगते.

माझं मत विचाराल तर अनवाणी आता अजिबात नाही. यात मधला मार्ग मला दिसत नाही. जूनमधलं तापलेलं डांबर बधिर तळव्याला भाजतं तेव्हा फोड आल्यावरच कळतं. नीरेच्या पुढे पाऊस लागला की बोटांच्या बेचक्या दिवसभर ओल्या राहून कुजतात. आणि एकदा जखम होऊन भरलेला पाय हा सगळ्यात धोक्याचा पाय असतो. अशा सुमारे ४० टक्के लोकांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. भरलेली कातडी वरून चांगली दिसली तरी पहिल्याइतकी चिवट नसते.

पूर्ण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर चालायचं की नाही, हे पाय प्रत्यक्ष तपासल्यावरच ठरेल आणि ते तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावं. पण माझ्या घरचा माणूस असता तर मी या वर्षी म्हटलं असतं, दिंडी सोडू नका, चालणं थोडं सोडा. सगळे मुक्काम दिंडीच्या गाडीतून गाठा, संध्याकाळच्या हरिपाठाला उभे राहा, चांदोबाचा लिंबला रिंगण बघा, आणि पाय चांगला राहिला तर शेवटचा वाखरी ते पंढरपूर टप्पा नीट चप्पल घालून, सावकाश चाला. वारकऱ्याला दिंडीपासून तोडणं मला सगळ्यात वाईट वाटतं. घरी बसवलेला वारकरी शुगरने नाही, उदासीने खंगताना मी पाहिलाय. म्हणून ‘जाऊ नका’ हा शब्द तुमच्या तोंडून पहिल्यांदा निघू नये.

नवसाचं काय, हे मी सोडवू शकत नाही आणि तुम्हीही सोडवायला जाऊ नका. त्यांनी तो ज्याला बोलला त्याच्याशी त्यांचं नातं आहे. पण ज्यांचा शब्द ते मानतात असं कुणीतरी असेलच, दिंडीचे प्रमुख, विणेकरी, गावात कीर्तनाला येणारे महाराज. यजमानांना सोबत घेऊन त्यांच्याकडे जा. काटा, पू, अडीच महिने, सगळं मोकळेपणाने सांगा. अशा थोरांनी किती वारकऱ्यांचे पाय पाहिलेत! ते म्हणाले की ‘नवस पोचला, आता पायात घाला’, तर मामंजी ऐकतील. आपण सांगितलं तर वाद होईल. शिवाय नवस रूप बदलून फेडता येतो. अनवाणी चालण्याऐवजी दिंडीत रोज संध्याकाळी वारकऱ्यांचे पाय धुवायची सेवा घेतली, तर ती काय कमी आहे? तिथे दुसऱ्यांचे पाय बघताना स्वतःचेही बघायची सवय लागेल, असा माझा थोडा स्वार्थही त्यात आहे.

पाप लागेल का, असं तुम्ही विचारलंत. नाही, ताई. आणि अधिकाराचं म्हणाल, तर काटा कुणाला दिसला? २२ वर्षांच्या वारीतून आलेले ते पाय धुवायला जी खाली बसली, तिलाच. यजमानांना हे असंच सांगा, रागावून नाही. ‘श्रद्धेत पडू नका’ या त्यांच्या म्हणण्यात बापाबद्दलचा आदर आहे. पण मांडीखालून पाय काढावा लागला, तर ती श्रद्धा खाटेवर बसून कशी निभावायची, हा विचार त्यांनी केलेला नसावा. बहुतेक मुलगे करत नाहीत, भीती वाटते म्हणून.

आता हातात दोन महिने आहेत. घरी आज रात्रीच एक गोष्ट करून बघा. मामंजींना डोळे मिटून आडवं व्हायला सांगा. तुमच्या बोटाच्या टोकाने त्यांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, दोन्ही पायांच्या, एकेक करून अगदी हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, थोपटू नका. कळलं की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर संवेदना कमी झालीय असं धरायचं. हे दुसऱ्या कुणाच्याही घरी, शुगर असलेल्या कुणालाही करता येतं, पैसा लागत नाही. मामंजींचा मुलगा, म्हणजे तुमचे यजमान, शेजारी बसलेला असताना करा. मामंजी गप्प पडून आहेत आणि सून बोट लावून बसलीय, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं की तुम्हाला पुढे फार बोलावं लागणार नाही.

मग दवाखाना. फक्त साखर बघून परत येऊ नका. ‘पाय तपासा’ असं म्हणा. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा एक नायलॉनचा तंतू असतो, तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात आणि कळतं का विचारतात. कंप पावणारा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, अंगठ्याच्या हाडावर ठेवतात. पावलावरची नाडी हाताने बघतात. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. सोबत तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-१२, किडनीची तपासणी आणि डोळ्यांचा पडदा. घट्टे असतील तर ते दवाखान्यातच काढून घ्या. घरी ब्लेड नको आणि मेडिकलमधल्या घट्ट्याच्या पट्ट्याही नकोत, त्यातलं अ‍ॅसिड बधिर कातडी जाळतं. मामंजी मिश्री किंवा तंबाखू घेत असतील तर तीही सुटायला हवी, ती पायाच्या वाहिन्या आवळते.

चप्पल घेताना एमसीआर म्हणून मागा. मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचा तळ असतो, खाली कडक रबर, मागे पट्टा. कुष्ठरोगाच्या दवाखान्यांत ही चप्पल वर्षानुवर्षं वापरली जाते आणि शुगरच्या पायांनाही तीच चांगली. अंगठ्याची पकड असलेली नको, ती बेचक्यात घासते आणि पायातून निसटली तरी कळत नाही. खिळे मारलेली नको. संध्याकाळी जाऊन घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. आजपासूनच घरात आणि शेतात एक-दोन तास घालायला लावा आणि काढल्यावर पाय बघा, कुठे लाल झालंय का. नवी कोरी चप्पल आळंदीला घालून निघणं म्हणजे अनवाणी जाण्याइतकंच वाईट. घालण्याआधी दर वेळी उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. मोजे सुती आणि पांढरे घ्या, रक्ताचा डाग लगेच दिसतो.

दिंडीत रोज रात्री हरिपाठानंतर कुणीतरी बॅटरी घेऊन त्यांचे तळवे बघायचे. हे काम एका माणसाला नेमून द्या, ‘सगळे बघतील’ म्हटलं की कुणीच बघत नाही. पाय कोमट पाण्याने धुवायचे आणि ते पाणी दुसऱ्याने आधी कोपराने बघायचं. बेचक्या कोरड्या पुसायच्या, टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं, बेचक्यांत मात्र काही नाही. वाटेत सेवेकरी फार प्रेमाने पाय चोळतात, गरम पाण्यात मीठ घालून शेकतात. मामंजींनी हात जोडून सांगायचं, ‘माउली, मला शुगर आहे, शेक नको.’ फोड आला तर फोडायचा नाही. त्या दिवशी चालणं बंद, वाटेवर आरोग्य पथकं असतात, तिथे दाखवायचं. आणि एखादं पाऊल अचानक लाल, गरम, सुजलेलं दिसलं, दुखत नसलं तरी, तर त्या पायावर पुढचं एकही पाऊल टाकायचं नाही. आतली हाडं मोडत असू शकतात आणि बधिर पायात तेही कळत नाही.

गोळ्यांचंही डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या. मामंजींना ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि दिवसभर चालणं, अवेळी जेवण, त्यात वाटेतली एकादशी, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. उपासाच्या दिवशी गोळी किती, कधी, की नाही, हे कागदावर लिहून घ्या. मनाने बंद करायची नाही. खिशात साखरेच्या पुड्या आणि एक चिठ्ठी, ‘मला शुगर आहे, पायाला संवेदना नाही’, खाली तुमचा फोन नंबर.

मामंजींना हे सगळं सांगताना सुरुवात काट्यापासून करू नका. ते म्हणतील, काटा सगळ्यांनाच लागतो. त्यांना विचारा, अजून किती वर्षं वारी करायचीय? ते सांगतील तो आकडा धरून बोला. ‘मग तेवढी वर्षं हे पाय टिकायला हवेत, मामंजी,’ इतकंच म्हणा आणि चप्पल पुढे ठेवा. पहिल्या दिवशी घालणार नाहीत कदाचित. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा.

बोट लावून बघाल तेव्हा सहापैकी किती जागी कळलं, आणि गेल्या वर्षीच्या जखमेच्या जागी आता घट्टा आलाय का, लालसर दिसतं का, एवढं मला कळवा. तिथे लाली किंवा ओल दिसली तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, दुसऱ्या दिवशी सकाळीच पाय दाखवून या.